चैन नसल्याचा वृत्तांत

"खरबरीत लिही," बाई म्हणाल्या.

"खरबरीत मागच्या वर्षी येऊन गेलं, बाई. ‘खरबरीत पोती’ असं."

"मग जाडंभरडं."

"ते जेवणाला वापरलंय. दोन ओळी वर."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मराठी भाषा एवढी मोठी, कलावती, आणि गरिबीला शब्द मिळू नयेत? तू मराठीत पहिली येतेस ना? मग शोध की."

मी शोधायला लागले. साल एकोणऐंशी, फेब्रुवारी महिना, कराडचं सुंदराबाई पोतदार विद्यार्थिनी वसतिगृह. मी बारावीला होते आणि परीक्षा वीस दिवसांवर आली होती. तरीही इतिहासाचं पुस्तक बाजूला ठेवून मी बाईंसमोर बसले होते, कारण सुंदराबाईंची पुण्यतिथी चार दिवसांवर होती आणि पुण्यतिथीला वार्षिक वृत्तांत वाचायचा असे. तो वृत्तांत म्हणजे एक गंमतच होती. इतर संस्था वर्षभरात काय काय मिळवलं ते सांगतात. आमच्या वृत्तांताचं काम एकच. इथे काही म्हणजे काहीही सुखाचं नाही, हे ठासून सांगायचं.

त्याला कारण होतं. सुंदराबाई म्हणजे सराफ पोतदारांच्या घरातल्या विधवा. त्यांनी आपलं राहतं घर खेड्यापाड्यातल्या मुलींना शिकण्यासाठी देऊन टाकलं, पण अट घालून. घरात चैन शिरली की वसतिगृह बंद, घर पोतदारांकडे परत. ही अट प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगितली जाई. सुंदराबाईंचे पुतणे नानासाहेब दरवर्षी पुण्यतिथीला तपासणीला यायचे. हातातली काठी प्रत्येक वळकटीत खुपसून बघायचे आणि जाताना म्हणायचे, "काकू फार साधी होती. चैन नको." त्यांचा आवाज असा होता की दोन दिवस आम्हाला साखर घातलेला चहासुद्धा पाप वाटायचा.

आता खरं सांगायचं तर आम्हाला गाद्या होत्या. चोवीस मुली, चोवीस गाद्या. प्रत्येकीने घरून कापूस आणलेला, नाहीतर सुट्टीत शेंगा फोडून पैसे जमवून विकत घेतलेला. दिवाणखान्यात एक आरसा होता, एक ट्रान्झिस्टर होता आणि लोणच्याच्या चार बरण्या होत्या. पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी हा सगळा ऐवज गल्लीपलीकडच्या हुसेनचाचा पिंजाऱ्याच्या दुकानात जायचा. पिंजाऱ्याच्या दुकानात गाद्यांची थप्पी बघून कोण हटकणार? आम्ही मग पोती अंथरायचो, डोळे खाली घालून उभ्या राहायचो, नानासाहेब काठी खुपसून जायचे आणि संध्याकाळी गाद्या घरी यायच्या. बाईंना हे ठाऊक होतं. ठाऊक कसलं, त्यांचीच कल्पना होती ती. लीलाबाई गोसावी एरवी एका खोट्या शब्दासाठी मुलीला अंगणात उभं करणाऱ्या. पण या एका खोटेपणाबद्दल त्या म्हणायच्या, "ते माझ्या डोक्यावर. तुम्ही फक्त शिका."

या वर्षी मात्र धाकधूक जास्त होती. नानासाहेब दिवाळीत वारले होते आणि पुण्याहून त्यांचा मुलगा येणार होता. मुकुंदराव पोतदार, इंजिनियर. त्यांनी पत्र पाठवलं होतं, दोनच ओळींचं. ‘यंदा मी स्वतः येऊन वसतिगृह नीट पाहणार आहे. ट्रस्टच्या कागदातील अटी पाळल्या जातात की नाही, याची खात्री करायची आहे.’

"नीट पाहणार आहे म्हणजे?" बेबी नलवडेने मला विचारलं. बेबी माझ्या खोलीतली, जिभेला हाड नसलेली.

"म्हणजे जागा हवी आसंल त्याला," मी म्हटलं. "बाजाराला लागून जागा हाय. इंजिनियर हाय. बांधंल की चार मजली."

"मग आपुन कुठं जायाचं?"

ती कुठे जाईल ते मला माहीत नव्हतं, पण मी कुठे जाणार ते पक्कं माहीत होतं. पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. आबांनी बारावीपर्यंतचा शब्द दिला होता. बारावी झाली तर डी.एड. आणि डी.एड. झालं तर मास्तरीण. बारावी हुकली तर मोठ्या मामाचा मुलगा. मामाचा मुलगा वाईट नव्हता, पण तो माझ्याशी बोलताना मध्येच बैलाशी बोलायला लागायचा आणि दोन्ही वेळा आवाज तोच असायचा.

म्हणून मी त्या वर्षी जीव ओतून लिहिलं. कोशात बघितलं, शेजारच्या हायस्कूलच्या सरांना विचारलं. कळकट, कोंदट, रुक्ष, तुटपुंजं, ओबडधोबड, उघडंबोडकं, बेचव. ‘आमच्या भिंती कळकट असून खोल्या कोंदट आहेत. आमचे अंथरूण म्हणजे उघडीबोडकी जमीन व तीवर ओबडधोबड पोते. आमचे अन्न तुटपुंजे व बेचव असते, त्यामुळे जिभेचे चोचले होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.’ बाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या खूश झाल्या.

"बेचव छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त स्वयंपाक मी करते, एवढं लक्षात ठेव."

या खेपेला बाईंनी जरा जास्तच हात मारला. पुण्यतिथीला गाद्या, आरसा वगैरे तर गेलंच, पण उशांचाही मागमूस ठेवला नाही. खिडक्यांचे पडदे काढले. आमचं त्यातल्या त्यात बरं परकर-पोलकं ट्रंकेत गेलं आणि ठिगळाचं बाहेर आलं. दुपारच्या जेवणाला आमटी-भाताऐवजी ज्वारीच्या कण्या शिजवल्या, त्याही मिठाला कमी. बेबीला ताप होता. तिला एरवी बाईंनी स्वतःच्या खोलीत नेलं असतं. त्या दिवशी तीही पोत्यावरच पडली, डोक्याखाली दप्तर घेऊन.

मुकुंदराव अकराला आले. पस्तिशीचे असतील. अंगात साधा पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी. हातात काठी नव्हती, त्यामुळे तपासणी कशाने करणार हे आम्हाला कळेना. दारातच त्यांनी चपला काढल्या, सुंदराबाईंच्या फोटोला हार घातला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग मागे वळून पहिलाच प्रश्न विचारला.

"गाद्या कुठे आहेत?"

मी बेबीकडे बघितलं. बाई मात्र तयार होत्या.

"गाद्या?" त्या ताठ मानेने म्हणाल्या. "छे! आमच्याकडे एकही मुलगी गादीवर झोपत नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. हवं तर सगळं घर बघा."

"उशा?"

"उशांची सवय वाईट."

मुकुंदराव खोल्याखोल्यांतून फिरले. आम्ही भिंतीला पाठ लावून रांगेत उभ्या. ते वाकून पोत्याला हात लावायचे, बोटं एकमेकांवर घासायचे. प्रत्येक खोलीगणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. नानासाहेबांचा चेहरा अशा वेळी खुलायचा. हे काहीतरी वेगळंच चाललं होतं आणि ते आमच्या ध्यानात येत नव्हतं. बाईंना वाटलं, याला काहीच सापडत नाही म्हणून हा खट्टू झालाय, त्यामुळे त्यांना आणखी जोर चढला.

बेबीपाशी ते थांबले. "हिला काय झालंय?"

"ताप आहे," बाई म्हणाल्या.

"आणि ही अशी झोपलीय? दप्तरावर?"

"आजारी पडली म्हणून लाड नाहीत," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आदल्या दिवशी पाठ केलेलं होतं. मी ऐकलं होतं.

मग मी वृत्तांत वाचला. आवाज चांगला लागला होता. ‘उघडीबोडकी जमीन’ म्हणताना मी जमिनीकडे हातही केला. ‘बेचव’ म्हणून झाल्यावर वर बघितलं, तर मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतलेले. त्यांच्यासमोर कण्यांची ताटली होती. त्यांनी एक घास खाल्ला होता आणि तो अजून तोंडातच होता.

"बाई," घास गिळून ते म्हणाले, "ट्रस्टच्या अटी तुम्हाला माहीत आहेत ना?"

"तोंडपाठ आहेत."

"आणि तरीसुद्धा?"

"म्हणूनच तर!" बाई म्हणाल्या. "अठरा वर्षं मी त्या अटी डोळ्यांत तेल घालून पाळतेय."

मुकुंदराव उठले. मी आयुष्यात बरीच रागावलेली माणसं पाहिली, पण त्या माणसाचा राग वेगळा होता. त्याला रडू येत होतं आणि ते आवरण्यासाठी तो रागावत होता.

"मला हे बघायचं नव्हतं," ते म्हणाले. "मुलींनो, तुमची चूक नाही. पण हे घर असं चालू देता येणार नाही. मी ते बंद करतोय. आजच्या आज सगळ्यांच्या घरी पत्रं जातील."

कुणीतरी हुंदका दिला. बाईंना काही कळेचना. चैन दिसली तर घर जाणार होतं. इथे तर चैनीचा लवलेश नव्हता, तरी घर जात होतं.

"साहेब," बाई कशाबशा म्हणाल्या, "या मुलीची परीक्षा सोळा दिवसांवर आहे."

"परीक्षेपुरतं मी कुठेतरी बघेन. पण इथे नाही." त्यांनी वृत्तांताचे कागद उचलले. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"छान आहे. बस. मी सांगतो तसं लिही. पहिलं पत्र कुणालाही चालेल, बाकीची त्यावरून उतरवा."

मी बसले. हाताला जे पहिलं नाव सुचलं ते लिहिलं. ‘रा. रा. ज्ञानू कोंडी पानस्कर यांस.’ आमच्या आबांचं नाव. आबांना वाचता येत नव्हतं. हे पत्र त्यांना पोस्टमन वाचून दाखवणार, सगळ्या वाडीसमोर, आणि मग ते पागोटं बांधून मला न्यायला खाली उतरणार.

मुकुंदराव खिडकीपाशी उभे राहून सांगत होते. "वसतिगृहाची पाहणी केली असता असे आढळले की, येथील खोल्या कळकट व कोंदट असून मुलींना उघड्याबोडक्या जमिनीवर झोपवले जाते..."

माझेच शब्द होते. चार दिवस कोश धुंडाळून मी जमवलेले शब्द तो माणूस मला परत सांगत होता आणि मी ते माझ्याच अक्षरात माझ्याच बापाला लिहीत होते. एवढं चांगलं लिहिल्याचा मला त्या दिवशी जेवढा पश्चात्ताप झाला, तेवढा पुढे कधी झाला नाही.

"अन्न तुटपुंजे व बेचव आहे," ते पुढे म्हणाले. "आजारी मुलीकडेही लक्ष दिले जात नाही. व्यवस्थापिका श्रीमती गोसावी यांनी निष्ठुरपणे मुलींचे हाल केले असून..."

माझं पेन थांबलं.

मला टायफॉईड झाला होता तेव्हा या बाईंनी अकरा दिवस मला चमच्याने पेज भरवली होती. बेबीच्या बापाने तिला परत न्यायचं ठरवलं, तेव्हा या बाई एस.टी.ने तिच्या गावी जाऊन, भर उन्हात त्याच्या दारात बसून राहिल्या होत्या. त्यांच्याबद्दल ‘निष्ठुर’? आणि तेही माझ्या हाताने?

"लिहिलंस?" मुकुंदरावांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. "ते मी लिहिणार न्हाई."

"का?"

"कारण खोटं हाय. सगळंच खोटं हाय. वृत्तांत मी लिवलाय, मला माहीत हाय. गाद्या हायत, साहेब."

"कलावती!" बाई ओरडल्या. बाईंच्या दृष्टीने मी नुकतंच घर बुडवलं होतं. आतापर्यंत काही आशा असलीच तर ती मी एका वाक्यात संपवली होती. मलाही तसंच वाटत होतं. पण नाहीतरी घर जाणारच होतं. मग ते बाईंच्या नावाला काळं फासून का जावं? चैनीपायी गेलं तर निदान बाईंनी आम्हाला सुखात ठेवलं म्हणून गेलं असं होईल, एवढाच माझा हिशेब होता.

"कुठे आहेत?" मुकुंदराव म्हणाले.

"चला, दावते."

आम्ही गल्ली ओलांडली. मी पुढे, मुकुंदराव मागे, त्यांच्यामागे अनवाणी बाई. हुसेनचाचा दुकानात कापूस पिंजत बसले होते. भुवयांवर, दाढीवर कापसाचे तंतू. त्यांच्या पाठीमागे आमच्या गाद्यांची छतापर्यंत गेलेली थप्पी. आम्हाला तिघांना बघून त्यांनी धनुकली खाली ठेवली आणि काय ते ओळखलं. मात्र उलटंच ओळखलं.

"ह्या गाद्या कोणाच्या?" मुकुंदरावांनी विचारलं.

"लग्नघरच्या, साहेब," चाचा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "मलकापूरच्या पार्टीच्या. परवा लगीन हाय."

"चाचा, ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं.

"तू गप, पोरी. साहेब, नवरीच्या गाद्या हायत."

मुकुंदराव पुढे झाले. त्यांनी वरच्या गादीचं टोक उलटलं. प्रत्येक गादीच्या खोळीच्या कोपऱ्यावर आम्ही रंगीत दोऱ्याने नाव भरलेलं होतं, म्हणजे पिंजून आल्यावर अदलाबदल नको. "बेबी नलवडे," त्यांनी वाचलं. दुसरं टोक उलटलं. "शांता मुळीक." तिसरं. "कलावती पानस्कर." मग चाचांकडे वळून म्हणाले, "मलकापूरच्या नवऱ्याला एकूण नवऱ्या किती?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि दाढीतला कापूस काढत बसले.

मुकुंदराव भराभर टोकं उलटत गेले. हाताला येईल ते नाव मोठ्याने वाचत होते. मग एकाएकी ते तिथेच एका गादीवर बसले. बसले आणि त्यांनी तिच्यावर तळहात दाबला, उचलला, पुन्हा दाबला. गादी मऊ होती. चाचांच्या हाताची होती.

"या रोज वापरता?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं. "आजचा दिवस सोडून."

"आणि उशा?"

"त्या आतल्या खोलीत हायत. आरसा बी हाय. रेडू हाय. लोणच्याच्या चार बरण्या." एकदा सुरू झाल्यावर माझं तोंड थांबेना. "आणि बाई आमटी करतात ना, साहेब, तशी आमटी आमच्या आईला बी जमत न्हाई. आज मुद्दाम कण्या केल्या. मीठ बी मुद्दाम कमी घातलं."

"दर वर्षी असं करता?"

"दर वर्षी," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता कसलाही ताठा नव्हता. "मुलींना बोल लावू नका. सगळं माझ्या सांगण्यावरून झालं. घर घ्या तुमचं. फक्त या वर्षीच्या परीक्षा होऊ द्या, मग घ्या. मी पाया पडते."

आणि त्या खरंच वाकल्या. मुकुंदराव ताडकन उठले आणि त्यांनी बाईंना खांद्याला धरून उभं केलं. ते हसत होते. हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं भानही त्यांना नव्हतं.

"बाई, अटी तुम्हाला तोंडपाठ आहेत म्हणालात. त्या तुम्ही कुठे वाचल्या?"

"वाचल्या नाहीत. आधीच्या व्यवस्थापिकांनी सांगितल्या. त्यांना नानासाहेबांनी सांगितल्या होत्या. मूळ कागद मोडी लिपीत आहे, तो तुमच्या घरी असतो."

"माझ्या वडिलांनी, दादांनीही तो कधी उघडला नाही," मुकुंदराव म्हणाले. "दादांना मोडी येत होती. पण काकूआजी साधी होती हे सगळ्या घराला माहीत होतं. मग कागद कशाला वाचायचा? दादा गेल्यावर मला तो माळ्यावरच्या गाठोड्यात सापडला. पुण्याला एका म्हाताऱ्या कारकुनाकडून मी तो वाचून घेतला. ऐका."

त्यांनी कापडी पिशवीतून एक वही काढली. पिंजाऱ्याच्या दुकानात, कापसाचे तंतू उडत असताना त्यांनी ते वाचलं आणि आम्ही तिघं उभ्याने ऐकत राहिलो. पुढे मी ते उतरवून घेतलं, म्हणून अजून शब्दन् शब्द माझ्याजवळ आहे.

"लिहून ठेवणार सुंदराबाई भ्रतार कै. दामोदर पोतदार. कारणे लिहून ठेवते ऐसे की, माझे यजमान वारले ते समयी माझे वय तेवीस होते. तेव्हापासून आजपावेतो एकतीस वर्षे मी जमिनीवर घोंगडी टाकून निजत आले. एक वेळ जेवले, तेही आळणी. लोक म्हणतात की मी साधी आहे. ती माझी आवड नव्हती. घरची रीत होती आणि मला कोणी विचारले नाही. सबब माझे घरात जी कोणी बाईमाणूस राहील तिने जमिनीवर निजू नये. दरेकीस कापसाची गादी व उशी असावी. कापूस दर साल पिंजून घ्यावा. अन्न पोटभर व चवीचे असावे. आजाऱ्यास वेगळी खोली असावी. यात कसूर होऊन कोणाचे हाल होत असल्यास घर तत्काळ बंद करावे. माझे नाव लावून कोणाचे हाल करू नयेत."

वही मिटल्यावर पहिले बोलले ते चाचा.

"म्हंजे गाद्या ऱ्हाणार?" ते म्हणाले.

"राहणार," मुकुंदराव म्हणाले. "गाद्या राहणार, घर राहणार, बाई राहणार."

मी तिथेच पिंजलेल्या कापसाच्या ढिगात बसकण मारली आणि खदाखदा हसायला लागले. बाई रडायला लागल्या. चाचा म्हणाले, "अगं ऊठ, पोरी, पिंजलेला कापूस हाय!" पण उठवायला कुणी आलं नाही.

मग गाद्या घरी निघाल्या. दर वर्षी त्या अंधार पडायच्या सुमारास, आडोशाने, एकेक करून यायच्या. त्या दिवशी भर दुपारी, डोक्यावर घेऊन, सगळी गल्ली बघत असताना आल्या. मुकुंदरावांनी दोन वाहिल्या. बेबीची गादी त्यांनी स्वतः बाईंच्या खोलीत नेऊन अंथरली, तिला त्यावर झोपवलं. बेबी तापातही म्हणाली, "साहेब, आरसा बी आणा जपून, फुटंल." बाईंनी चुलीवर आमटी चढवली आणि फोडणीचा वास दिवाणखान्यापर्यंत आला.

सगळ्या गाद्या जागेवर पडल्या तेव्हा मुकुंदराव बाईंच्या खोलीच्या दारात उभे होते. आत एका बाजूला बेबीची गादी आणि दुसऱ्या बाजूला जमिनीवर चौघडी केलेली एक घोंगडी.

"चोवीस मुली, चोवीस गाद्या," ते म्हणाले. "तुमची कुठेय, बाई?"

"मला नाही लागत," बाई पळीने आमटी ढवळत स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"बाईंना सवय हाय," मीही म्हटलं, अगदी सहज. "त्यांना गादी आवडतच न्हाई."

आम्हाला सगळ्यांना तसंच वाटायचं. बाई विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, हे आम्हाला माहीत होतं. त्या घोंगडीवर झोपतात, हेही माहीत होतं. चोवीस जणींपैकी एकीनेही या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. रोज पाहत होतो, म्हणूनच पाहिल्या नव्हत्या.

मुकुंदराव हळूच म्हणाले, "आमच्या घरी काकूआजीबद्दल हेच म्हणायचे. तिला सवय आहे."

स्वयंपाकघरातली पळी थांबली.

दुसऱ्या दिवशी हुसेनचाचांनी नवी गादी आणली. कापूस मुकुंदरावांचा, खोळ आमची. निळ्या दोऱ्याने रात्रीत नाव मी भरलं होतं. लीलाबाई गोसावी. बाई म्हणाल्या, "ठेवा तिकडे, बघू नंतर." मग जेवणं झाली, भांडी झाली, मुली अभ्यासाला बसल्या. मी इतिहासाचं पुस्तक घेऊन बाईंच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसले होते, त्यामुळे मला दिसलं. त्या आधी गादीच्या कडेला बसल्या, पाहुणी बसते तशा. मग जरा आत सरकल्या. मग इकडेतिकडे बघितलं, पाय वर घेतले आणि आडव्या झाल्या. पाच मिनिटांत त्यांचा श्वास संथ झाला.

चार वाजले. साडेचार वाजले. पाचला चहा आणि साडेपाचला प्रार्थना, हा अठरा वर्षांचा नेम. सगळ्या मुली गोळा झाल्या आणि मी तोंडावर बोट ठेवलं. चोवीस मुली चवड्यांवर चालल्या. चहा आम्हीच केला, तोही कपबशीचा आवाज न करता. सहा वाजून गेले, तेव्हा ताप उतरलेल्या बेबीला राहवलं नाही. तिने दारातून डोकं आत घातलं.

"बाई," ती म्हणाली, "परार्थनेची वेळ टळून गेली की."

बाईंनी डोळे उघडले. क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं नसावं. मग त्यांनी गादीवर हात फिरवला.

"घ्या की म्हणून तुमची तुम्ही," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळून पुन्हा झोपी गेल्या.